गाडीस दाब आला आणि ढाल घरी आली, त्याची हकिकत

श्री विघ्नहर्त्यास दंडवत घालोन जे घडले ते लिहिले जाते, ते ऐसे.

शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी, घाटमाथ्याचे एका राज्यात भागीरथीबाई धुमाळ नामे सरदारीण होत्या. त्यांणी गावच्या मुलींस कबड्डी शिकवून फौज सिद्ध केली आणि ती फौज त्या साली प्रथमच अंतिम सामन्यास पोचली. सामना घाटाखाली होता आणि पंचांचा हुकूम सक्त, की वेळेस मैदानी न येईल त्याची हार धरावी. मग सकाळी मुली बाईंच्या जुन्या पेट्रोल गाडीत बसल्या आणि बाईंनी चावी फिरविली, तो स्टार्टर गरगरला आणि इंजिन काही धरीना. यजमान हैबतराव जवळच उभे होते. ते बोलिले, "अगं, टाकीतला पेट्रोलचा पंप मेला. आपण दुसरी गाडी बघू." बाई बोलिल्या, "बघा तुम्ही. मी हीच बघते." मग हैबतराव गावात गेले, तो लग्नसराईमुळे एकही गाडी जाग्यावर नाही.

बाईंचे माहेरी गॅरेज होते, म्हणोन गाडीची नाडी त्यांस ठाऊक. प्लग काढोन पाहिला, ठिणगी चांगली. मग पेट्रोलचे नळीस दाबाचे मीटर लाविले आणि कर्णधार रेवती डांगे इजला चावी फिरवावयास सांगितले, तो काटा थोडका उठला आणि तेथेच बसला. पेट्रोल येते, परंतु जोर नाही. फिल्टर तुंबला असेल ऐसे मनी आणोन जवळचा नवा फिल्टर घातला, तरी काटा तैसाच. तेव्हा बाईंचे अवसान गळाले. पोरींनी वर्षभर मातीत अंग झिजविले आणि आता न खेळताच हार, हे त्यांस सोसवेना. रेवती डोळे पुसोन बोलिली, "बाई, राहू दे ना. पुढच्या वर्षी जाऊ." त्या शब्दासरशी बाई उसळल्या. "पुढच्या वर्षी कशाला? फिरव चावी!"

मग टाकीस कान लाविला, तो पंप कण्हत होता. "मेला नाही गं हा! उपाशी आहे," ऐसे बोलोन पंपापाशी वीज मोजिली, तो बॅटरीत बारा व्होल्ट आणि पंपापाशी जेमतेम आठ. वाटेत वीज खाणारा कोण, हे शोधीत बाई गाडीखाली शिरल्या आणि पंपाची वीज परत नेणारी अर्थिंगची तार चेसिसला, म्हणजे गाडीचे सांगाड्यास, आवळली होती तेथे गंजाचा पापुद्रा सापडला. बोल्ट सोडिला, पॉलिश पेपरने पत्रा चांदीसारखा घासला, तार फिरोन आवळली आणि रेवतीने चावी फिरविली, तो काटा सरसर चढला आणि इंजिन गर्जोन उठले! मुलींनी ऐसी आरोळी दिली की हैबतराव धावत आले आणि चालत्या गाडीत चढिले.

मग घाट उतरोन फौज मैदानी दाखल जाहली, तो पंच शिट्टी तोंडास लावीत होते. मुली बुटांच्या नाड्या आवळीत मैदानात शिरल्या आणि पहिल्याच चढाईस रेवतीने तिघी बाद केल्या आणि शेवटी एकेका गुणास झुंजोन फत्ते जाहली आणि विजेत्याची ढाल मुलींचे हाती आली. परतताना हैबतराव बोलिले, "आण चावी, मी चालवतो, तू दमलीस." बाईंनी चावी दिली नाही.

एवंच, दाब कमी दिसताच पंपास मूठमाती देऊ नये. ढाल राज्यात आली, हे खरे.