शंभर टक्के हजेरीचा इतिहास

एटापल्लीच्या पुढे, जंगलात असलेल्या आमच्या सरकारी हायस्कुलाचा इतिहास तीन प्रतींत सादर करावा, असे पत्र आले. पटसंख्या घटल्यामुळे शाळा सव्वीस किलोमीटरवरच्या शाळेत विलीन होणार होती. ‘उज्ज्वल परंपरा’ सिद्ध झाल्यास फेरविचार होणार होता. लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. सत्तावीस वर्षे मी तिथे शिकवले आणि गावात माझ्याइतके रिकामे दुसरे कोणी नाही.

“बाई, जोरात लिहा,” इतवारी म्हणाला. माझा जुना विद्यार्थी, आता शाळा समितीचा अध्यक्ष. “शाळा गेली तं माही मंगली नववीतच घरी बसते. इतक्या दूर कोन धाडते पोरीले?”

मी जोरात लिहिले. पुराव्यादाखल माझे हजेरीपट जोडले. सत्तावीस वर्षांत एकही विद्यार्थी एकही दिवस गैरहजर नव्हता.

वास्तविक मोहफुले पडू लागली की अख्खा वर्ग टोपल्या घेऊन जंगलात असे आणि मी बाकांना भूगोल शिकवत असे. पण गैरहजेरीच्या तक्त्यात कारणांचे रकाने तीनच होते: आजार, स्थलांतर, मृत्यू. आजार लिहिला की आरोग्य पथक येई, स्थलांतर लिहिले की नाव कमी होई. मृत्यू लिहायला हरकत नव्हती, पण मुले परीक्षेला परत येत. म्हणून मी ‘हजर’ लिहिले. त्याबद्दल मला दोनदा आदर्श शिक्षिका पुरस्कार मिळाला. दोन्ही वेळा मी सचोटीवर बोलले.

महिन्याभराने विस्तार अधिकारी राजदीपसाहेब आले. इतिहास त्यांना फार आवडला होता.

“बाई, बारा किलोमीटरवरून, नाले ओलांडून पोरं रोज येत होती?”

“हो.”

“पावसाळ्यातही?”

“पटावर आहे ना, साहेब.”

त्यांनी तिथेच शेरा लिहिला: ‘या भागातील विद्यार्थ्यांच्या उपस्थितीवर अंतर, नाले व ऋतू यांचा परिणाम होत नाही, हे अभिलेखावरून सिद्ध होते. सबब विलीनीकरणास अडचण नाही. वसतिगृहाचीही आवश्यकता नाही.’

इतवारीने मला बाजूला घेतले. “बाई, खरं सांगून टाका ना त्याइले! मी खुद मोह वेचाले जात होतो. तुमाले मालूम होतं.”

“मालूम होतं. पण हजेरी भरली नसती तर तुला दहावीला बसू दिलं असतं का? आणि दहावी नसती तर अध्यक्ष झाला असतास?”

“मंग राहू द्या, बाई,” इतवारी म्हणाला, आणि विलीनीकरणाला संमती देणाऱ्या समितीच्या ठरावावर सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली.

यंदा जिल्ह्यातल्या हायस्कुलांची उपस्थिती शंभर टक्के झाल्याची बातमी आली. तुम्हीही वाचली असेल आणि चहाच्या घोटाबरोबर बरे वाटले असेल. मलाही वाटले. चष्मा दुरुस्तीला गेलेला, म्हणून मंगलीनेच वाचून दाखवली, सोमवारी सकाळी अकरा वाजता. पोरगी अगदी स्पष्ट वाचते.