काळभुजंग आणि दूध संस्थेची चौथी जागा

काळभुजंग मारायचा, आणि तो रविवारीच मारायचा. सकाळचं दूध आटोपलं की संध्याकाळचं यायच्या आत. असं अंगदनं बायकोला छाती पुढं काढून सांगून टाकलं. सुरेखा भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "मारल्यावर काय मिळतं?" अंगदला फार लागलं. हिमालय चढणाऱ्याला कुणी विचारतं का, वर किराणा मिळतो का म्हणून!

अंगद हा पाथर्डी तालुक्यातल्या खडकवस्तीच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. आणि काळभुजंग हा कॉम्प्युटरवरच्या एका जुन्यापुराण्या गेममधला शेवटचा राक्षस. त्याचं इंग्रजी नाव तोंडात मावेना, म्हणून नगरला कॉलेजात असतानाच अंगदनं त्याचं असं बारसं केलं होतं. तेव्हा तो राक्षसाच्या दारापर्यंत पोचला आणि नेमकी परीक्षा आली. मग राक्षसही राहिला आणि परीक्षाही राहिली. यंदा संस्थेच्या कॉम्प्युटरवर त्यानं तोच गेम पहिल्यापासून पुन्हा मांडला होता. पण सोमवारी नवा कॉम्प्युटर यायचा होता, आणि त्यावर हा म्हातारा गेम चालणार नव्हता. म्हणजे रविवार, नाहीतर कधीच नाही.

गेममध्ये चौघांची टोळी असते. नावं आपण द्यायची. तलवारवाल्याला अंगदनं स्वतःचं नाव दिलं. मंत्र म्हणून आग लावणारी ती सुरेखा. ही कल्पना घरातच मिळाली. जखमांना औषध लावणारी दगडाबाई, कारण संस्थेची ही सगळ्यात जुनी सभासद गुरांना औषधी पाला वाटून द्यायची. आणि कुलपं उघडून हळूच वस्तू उचलणारा तो कानिफनाथ, म्हणजे दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर. या निवडीमागचं कारण अंगद कुणाला सांगत नसे.

ही टोळी आता इतकी वर चढली होती की खेळातला जीवच गेला होता. कुस्त्यांच्या हगाम्यात ज्या पैलवानाला जोड मिळत नाही, तो नुसता मांड्या थोपटत आखाड्याभोवती फिरतो, तशी यांची गत. बरं, गेम असा लबाड की टोळी वाढली की शत्रूही वाढायचे. सुरुवातीला काठी घेऊन येणारा भुरटा चोर आता सोन्याचं चिलखत घालून वाट अडवायचा. एवढं सोनं अंगावर असताना हा माणूस चोरी कशाला करतो, हे अंगदला कोडंच होतं. एका बुक्कीत डोंगर फोडणाऱ्या वीराला गेममधल्या म्हाताऱ्या अजून हरवलेली शेळी शोधून आण म्हणायच्या. याचं मात्र त्याला नवल वाटलं नाही. तो संस्थेचा सेक्रेटरी होता.

लढाईही लढाई राहिली नव्हती. एकानं मंत्र चढवायचा, दुसऱ्यानं उतरवायचा, तिसऱ्यानं त्यावर हरकत घ्यायची. म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभाच! औषधाच्या बाटल्या तर त्यानं पहिल्या दिवसापासून एकही न फोडता साठवल्या होत्या. शेवटच्या लढाईला लागतील म्हणून. मास्तर लोक फंड साठवतात तशा.

रविवारी सकाळचा टँकर भरला. अंगदनं दार आतून लोटलं, कानाला हेडफोन लावले आणि बसला. एक गोष्ट तो विसरला.

मागं दुधाच्या फॅटवरून भांडणं झाली होती. सेक्रेटरी फॅट कमी लावून भाव पाडतो, असा आरोप. म्हणून संस्थेनं बाहेरच्या भिंतीवर भला मोठा टीव्ही बसवला होता. आत कॉम्प्युटरवर जे दिसेल ते बाहेर सगळ्या गावाला दिसलं पाहिजे, असा पारदर्शक कारभार. दूध संपलं की तो टीव्ही बंद करायचा असतो.

रिकामे कॅन घेऊन घरी निघालेली माणसं भिंतीसमोर थांबली. कानिफनाथही टँकर सोडून आला. त्यानंच इंग्रजी अक्षरं लावून नावं वाचून दाखवली. सोनेरी चोरानं दगडाबाईवर वार केला तसा तिच्या भावकीतून आवाज उठला. खरी दगडाबाई घागर खाली ठेवून सरळ आत शिरली आणि अंगदच्या कानावरचा हेडफोन ओढला.

"आरं मुडद्या, मला म्हातारीला पुढं का घातलंस? त्यो कानिफ बघ कसा मागं लपलाय."

अंगदनं वळून पाहिलं तर खिडकीत गाव! त्यानं घाईघाईनं दगडाबाईला मागं घेतलं. बाहेर टाळ्या पडल्या. आता टीव्ही बंद करणं शक्यच नव्हतं. टीव्ही बंद म्हणजे फॅटमध्ये काळंबेरं, हे गावात ठरून गेलेलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी फोन केला म्हणून चेअरमन रामहरी आले. हात मागं बांधून त्यांनी टीव्हीवरची चारही नावं नीट पाहिली, आत आले, खुर्चीवर बसले.

"माझं नाव कुठं हाय?"

जागा चारच असतात, असं अंगद पुटपुटला.

"कॉम्प्युटर कुनाचा?"

"संस्थेचा."

"संस्थेचा चेअरमन कोन?"

"तुमी."

"मग राक्षस मी सोडून दुसरं कोन मारतंय?"

आता काढायचं कुणाला? दगडाबाईला काढलं तर भावकीचं सगळं दूध शेजारच्या संस्थेला जाणार. कानिफनाथला काढलं तर संध्याकाळी टँकर येणार नाही आणि दूध नासणार. सुरेखाला काढावं, तर ती पदर खोचून खिडकीतच उभी होती आणि रात्री घरी जेवायला जायचं होतं. सगळ्यांनी मिळून अंगदकडं पाहिलं. अंगदनं आपल्याच हातानं अंगदला गेममधल्या, टोळीबाहेरच्या गड्यांच्या धर्मशाळेत नेऊन बसवलं.

नवा गडी पहिल्या पातळीवरून सुरू होतो. चेअरमनना हे पटेना. आपण आयुष्यात कधी खालून सुरुवात केली नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अंगदचं चिलखत त्यांना पेलेना, तेव्हा टोळीत तीन देव आणि सदऱ्यावर काठी घेतलेला एक माणूस असा देखावा झाला. त्यांना मागं ठेवावं म्हटलं, तर म्हणाले, "मागं उभं ऱ्हायला मी काय साधा सभासद हाय?"

पुढं ठेवलं. पहिल्याच चोरानं फुंकर मारली आणि चेअरमन मेले.

दगडाबाईनं बाटली पाजून त्यांना उठवलं. पुढच्या वळणावर ते पुन्हा मेले. पुन्हा बाटली. अंगदचा सगळा साठलेला फंड असा एकाच माणसाच्या नरड्यात गेला. राक्षसाच्या दारात पोचेपर्यंत चेअरमन इतक्या वेळा मेले की बाहेर त्यांचे विरोधकसुद्धा कंटाळले.

काळभुजंग उठला. सुरेखानं आग लावली, कानिफनं पाठीत सुरा घातला, दगडाबाई एका हातानं चेअरमनना औषध लावत आणि दुसऱ्यानं मंत्र मारत राहिली. राक्षसाचा जीव सुतळीएवढा उरला. पुढचा मंत्र सुरेखाचा आणि खेळ खलास! इतकी वर्षं! पण या गेमचा नियम असा, की ज्याच्या अंगावर ओझं कमी त्याचा हात आधी. आणि ओझं ज्याच्यावर मुळीच नाही असा टोळीत एकच माणूस होता.

"हान की," चेअरमन म्हणाले.

अंगदनं बटण दाबलं. काठी लागली. काळभुजंग कोसळला. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली: वध करणारा, रामहरी.

फटाके वाजले. शाल, नारळ, हार. खालून सुरुवात करून इथवर आलो, असं चेअरमन भाषणात म्हणाले आणि त्यांनी शालीच्या टोकानं डोळे पुसले. अंगदनं मनाला समजावलं. राक्षसाच्या दारापर्यंतचा खेळ त्यानं कॉम्प्युटरमध्ये सेव्ह करून ठेवला होता. गर्दी हटली की धर्मशाळेतून स्वतःला काढायचं आणि आपल्या हातानं मारायचा. संध्याकाळच्या दुधाला अजून वेळ होता.

पण गर्दी हटेना. व्हाईस चेअरमन सहादेव पुढं आले. चेअरमननं मारला तर आपण काय घोडं मारलंय, असा त्यांचा सवाल होता. बाकीचे संचालकही उभे राहिले. तिथंच टीव्हीखाली सभा भरली. नवा कॉम्प्युटर पुढं ढकलायचा आणि प्रत्येक संचालकाला आळीपाळीनं राक्षस मारू द्यायचा, असं ठरलं.

जुना कॉम्प्युटर राहिला म्हणून अंगदचा जीव भांड्यात पडला. त्यानं हळूच विचारलं, "अन् माझा नंबर?"

चेअरमननी त्याच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. "अंगदा, तू पगारी मानूस. राक्षस मारनं पदाधिकाऱ्याचं काम. तू आपली बटनं दाब."

ठराव एकमतानं मंजूर झाला. लिहून घेतला अंगदनंच. सेक्रेटरी तोच ना!