ठकूताईंच्या मोटारीतला पिवळा दिवा

मुलांनो, एका जंगलात एकच मोटार होती आणि तीही म्हातारी. ती ठकूताई साळिंदरीणबाईंची. दवाखाना घाटापलीकडे. कोणी आजारी पडलं, कोणाचे दिवस भरले, की ठकूताई त्याला मागच्या सीटवर बसवून पलीकडे पोचवायच्या. त्यांच्या काट्यांनी पुढच्या सीटची चाळण झाली होती, पण इंजिन इमानी होतं.

एके दिवशी स्टिअरिंगसमोर पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असलेला. गाडी चालत होती, पण दिवा काही विझेना.

चंद्रा हरिणीचे दिवस भरत आले होते. घाटात गाडी बंद पडली, तर मदतीला सगळ्यात आधी वाघ येणार.

त्या हुप्पे मिस्त्रींकडे गेल्या. हे जातीचे वानर. त्यांनी बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं, शेपूट बाहेर ठेवलं आणि म्हणाले, "प्लग गेलेत."

प्लग बदलले. दिवा दोन दिवस विझला. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"मग सेन्सर," मिस्त्री म्हणाले.

सेन्सरही बदलला. दिवा पुन्हा हजर.

"ताई, गाडीचं वय झालंय."

"वय माझंही झालंय," ठकूताई म्हणाल्या. "म्हणून माझे काटे बदलाल का?"

मग त्या घुबडे सरांकडे गेल्या. सरांकडे गाडीची नाडी बघणारं यंत्र होतं. सरांनी ते जोडलं आणि बराच वेळ डोळे मिटून घेतले.

"पेट्रोलची वाफ कुठेतरी गळतेय."

"कुठे?"

"ते यंत्र सांगत नाही. ते फक्त काळजी व्यक्त करतं."

शेवटी कोल्हेकाका आले. त्यांनी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा दिव्यावर चिकटवला.

"आता दिसतो?"

"नाही."

"मग झालं तर."

जंगलभर कोल्हेकाकांची वाहवा झाली. ठकूताईंना मात्र पट्टीखालचा दिवा आधीपेक्षा जास्त दिसू लागला.

आणि भर दुपारी चंद्राला कळा सुरू झाल्या. ठकूताईंनी देवाचं नाव घेतलं आणि घाट धरला. अर्ध्या चढावर चंद्रा म्हणाली, "ताई, थांबा. वासानं मळमळतंय."

"कसला वास?"

"पेट्रोलचा. तुम्हाला येत नाही?"

गाडी थांबली. चंद्रा कण्हत उतरली, हुंगत हुंगत मागे गेली आणि टाकीपाशी उभी राहिली. "या झाकणाचं रबर फाटलंय, ताई."

ठकूताईंनी झाकणावर फडकं घट्ट बांधलं आणि गाडी दवाखान्यात नेली. संध्याकाळी चंद्राला पाडस झालं. दुसऱ्या दिवशी ठकूताईंनी टाकीला नवं झाकण बसवलं. चार फेऱ्या झाल्यावर त्यांनी भीत भीत पट्टी सोलली.

दिवा विझला होता.

ठकूताईंना रडूच आलं. हा आनंद कोणाला तरी सांगावा म्हणून त्या थेट हुप्पे मिस्त्रींकडे गेल्या.

मिस्त्रींनी बंद दिव्याकडे टक लावून पाहिलं. मान खाजवली.

"दिवा लागतच नाही?" ते गंभीरपणे म्हणाले. "मग बल्ब गेला असणार. गाडी इथंच ठेवून जा, ताई. अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल."

तात्पर्य : गाडी बिघडली तर जाणकाराकडे अवश्य न्यावी. दुरुस्त झाली, तर मात्र त्याच्या दारावरूनही नेऊ नये.