गायकवाड सरांची पिवळी

मुलांनो, आमच्या मुलुंडच्या इमारतीत कोणी चप्पल काढायला वाकलं, की समोरच्या दारातून आवाज यायचा, "बघा, पिवळी ताणली!"

हे आमचे शेजारी गायकवाड सर. जन्मभर मेडिकलच्या मुलांना शरीररचना शिकवली. पिवळी म्हणजे पाठीच्या कण्यातलं त्यांचं लाडकं लिगामेंट, एका मणक्याला मागच्या बाजूने खालच्या मणक्याशी बांधणारी पिवळसर पट्टी. "बाकीची दोरखंडासारखी. ही रबर! वाकलात की ताणते, उठलात की आखडते. घडी पडून आतल्या नसांना टोचत नाही. हुशार आहे हो!"

दारात प्लास्टिकचा कणा टांगलेला, त्यावर पिवळ्या रबराच्या पट्ट्या. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी पडलेले कागद उचलायला वाकले, तर सरांनी त्यांच्या कमरेवर बोट ठेवून व्याख्यान सुरू केलं.

"सर, आधी टाकीचा विषय संपवू द्या ना!"

त्यांची बायको सुमनताई भाजीची चाकांची पिशवी ढकलत, वाकून चालायच्या. सर मागून ओरडायचे, "सुमन, ताठ! लोक काय म्हणतील मला?"

"ताठ झालं की पाय बधिरतात हो."

"सवय आहे ती. ताठ!"

त्या ताठ व्हायच्या. चार पावलं चालून कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर बसायच्या. असं दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी त्यांचे पाय उचललेच गेले नाहीत.

डॉक्टर म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी. खाली बघत म्हणाला, "सर, पिवळी जाड झालीय, रबर गेलंय. त्या ताठ झाल्या की तिची घडी आत नसांना दाबते. वाकल्यावर जागा मिळत होती. त्यांचं बरोबर होतं."

ऑपरेशन करून ती पट्टी काढली. पायांतला जोर मात्र परत आला नाही. दारातला कणा सरांनी उतरवला. आता मी मुद्दाम त्यांच्या दारासमोर वाकून चप्पल काढते. आवाज येत नाही.

संध्याकाळी सर चाकाची खुर्ची खाली आणतात. काल मी खाली बाकावरच होते. सरांनी वाकून सुमनताईंच्या सँडलचा पट्टा लावला. त्या पावलांना काही कळत नाही, तरी विचारलं, "घट्ट नाही ना झाला?" आणि तसेच वाकून राहिले. खांदे हलत होते.

सुमनताईंनी त्यांच्या कमरेवर हात ठेवला.

"उठा हो. तुमची पिवळी शाबूत आहे अजून."