खाजा, कटिंग आणि कँटीनमधला फोटो

मरोळच्या आमच्या कारखान्यात माझ्या दातांना मान होता. पाना सापडला नाही की फोरमन मला हाक मारायचा आणि मी दातांनी नट आवळून द्यायचो. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, तो नट अजून सुटलेला नाही.

खुराकही तसाच होता. लेथच्या खणात गावच्या जत्रेतला खाजा असायचा. वरून गूळ, आतून दगड. एक कांडी गालात ठेवली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरायची. वर आठ कटिंग चहा, साखर जास्त. डावी दाढ ठणकायची, पण तिला मी मोजत नसे.

माझी बायको शेवंती मोजायची. "आधी दात दाखवा, मगे फुशारक्या मारा," ती तिच्या मालवणीत म्हणायची.

चौऱ्याऐंशी साली कारखान्यात दातांचं शिबिर भरलं. मी तिला बजावलं, "उद्या पहिला नंबर घेऊन येतो. नाही आला तर खाजा बंद."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात डोकावून पाहिलं. मग नर्सला म्हणाल्या, "जया, टॉर्च आण. असं तोंड मी अजून पाहिलं नाही."

मागे रांगेत स्टोअरमधला भाऊ उभा होता. "ऐकलंस ना रे?" मी त्याला विचारलं.

"कामावर काय खाता?" बाईंनी वही काढली.

मी हात राखून सांगितलं नाही. आठ कटिंगचे बारा केले, खाजा अर्धा किलोवर नेला.

"मग तोंड रिकामं कधी असतं?"

"कधीच नाही, बाई."

"आणि चूळ?"

"घरी गेल्यावर."

"फोटो काढू का? कँटीनमध्ये लावते. सगळ्यांना उपयोग होईल."

"मोठा लावा," मी म्हटलं आणि खिशातून कंगवा काढला. त्या म्हणाल्या, केसांची गरज नाही. साधी बाई, मला वाटलं.

पुढच्या शनिवारी कारखान्याची सत्यनारायणाची पूजा होती. शेवंतीला ठेवणीतलं लुगडं नेसवून मी थेट कँटीनमध्ये नेलं. फोटो दरवाजाएवढा होता. त्यात मी नव्हतो, नुसतं तोंड होतं. दाढांत अशी भोकं, की उंदरानं बिऱ्हाड करावं! खाली लिहिलं होतं : 'कामावर दिवसभर गोड चघळाल तर असं होईल. खाल्ल्यावर चूळ भरा.'

"दुसऱ्या कोणाचं असेल गं," मी म्हटलं.

"सव्वीस वर्सां ह्याच तोंडाचा आयकतंय," ती म्हणाली. "मी वळखूचंय नाय काय?"

खाजा त्याच दिवशी बंद झाला, पाठोपाठ दोन दाढाही गेल्या. पण तीन मॅनेजर आले नि गेले, एकाचाही फोटो त्या भिंतीवर लागला नाही. माझा कारखान्याला टाळं लागेपर्यंत होता. खाली नाव नव्हतं, हे खरं. पण कामावर नवा माणूस आला, की मी स्वतः त्याला तिथं नेऊन सांगायचो.