काळ्या मातीचा हुंकार

अश्विनची साखरपुड्याची अंगठी भिवापूरच्या मिरचीच्या शेतात पडली, ती रविवारी. पुढेमागे बोट भरेल म्हणून त्याच्या आईनं ती एक माप मोठीच करवून घेतली होती. होणारे सासरे रुपराव यांनी कौतुकानं शेत दाखवलं, अश्विननं त्याहून कौतुकानं चार मिरच्या तोडल्या, आणि नागपूरच्या बसमध्ये बसल्यावर त्याला बोट हलकं लागलं. गुरुवारी लग्नाची तारीख काढायला ती मंडळी त्याच्या घरी येणार होती. होणाऱ्या सासूबाई भागीरथाबाईंनी सख्ख्या भाचीचं ठरलेलं लग्न नारळ नासका निघाला म्हणून मोडलं होतं. रिकामं बोट पाहून त्या काय करतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि अश्विनला त्यांची मुलगी मिनल अगदी मनापासून आवडली होती.

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या विक्रम नावाच्या मित्राला जुनी नाणी हुडकायचा नाद होता. त्याच्याकडचं धातू शोधायचं यंत्र, म्हणजे दांड्याच्या टोकाला लावलेली एक थाळी, अश्विननं मागून आणलं. बुधवारी कळमेश्वरच्या कारखान्यात रजा टाकून त्यानं भर बारा वाजता शेत गाठलं. दुपारी तिथं चिटपाखरूही फिरकत नाही, असं मिनल एकदा म्हणाली होती. का फिरकत नाही, हे शहाण्यानं विचारलं नव्हतं.

थाळी जमिनीजवळ नेली आणि यंत्र हुंकारलं. कोणी तोंड मिटून कण्हावं तसा लांबलचक आवाज. थाळी उचलली की थांबे, खाली नेली की सुरू. पन्नास पावलं सरकून पाहिलं, तिथंही तेच. मिरचीचं पान हलत नव्हतं आणि पायाखाली सगळं शेत कण्हत होतं. अश्विनच्या अंगावर काटा आला.

"जवाईबापू, काय करून राहिले इथं?"

अश्विन उडालाच. मागे रुपराव उभे होते. त्याला बसमधून उतरताना कोणीतरी पाहिलं होतं. गावात जावई लपत नाही. माती परीक्षण करतोय, असं त्यानं ठोकून दिलं. रुपरावांनी तो आवाज ऐकला, पांढरेफटक पडले आणि घरी फोन लावला.

भागीरथाबाई लिंबू आणि अकरा खिळे घेऊनच आल्या. बत्तीस वर्षांपूर्वी याच शेतात, याच वेळी, रुपरावांच्या बोटातून कोणीतरी अंगठी ओढून नेली होती, असं त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. तो आता जागा झाला होता. यंत्र कण्हेल तिथं त्या खिळा ठोकू लागल्या. पण कण्हत तर सगळंच शेत होतं. अकरा खिळे दहा पावलांत संपले आणि बाई आणखी आणायला घरी गेल्या.

तेवढ्यात अश्विननं विक्रमला फोन लावला.

"अबे, काळी माती आहे ते," विक्रम म्हणाला. "तिच्यात लोह राह्यते. मशीन मातीलेच धातू समजून राहिली. बटन दाबून थाळी वर-खाली कर, आवाज बंद होईपर्यंत. मंग ते माती सोडून बाकीचं दाखवते."

अश्विननं तसं केलं. हुंकार विरला आणि शेत इतकं गप्प झालं की आधीचं कण्हणं बरं वाटावं. मग यंत्र खिळ्यांपाशी वाजू लागलं. अकरा खिळे, अकरा आवाज. बारावा आवाज आला तिथं खिळा नव्हता. अश्विननं देवाचं नाव घेत हातभर माती उकरली. अंगठी निघाली, पण त्याची नव्हे. झिजलेली, बारीक, आत 'भा' कोरलेलं. रुपराव मटकन खाली बसले.

खिळ्यांची पिशवी घेऊन परतलेल्या भागीरथाबाईंनी ती पदरानं पुसली, नवऱ्याच्या बोटात घातली आणि डोळे टिपले. मग त्या एकाएकी थबकल्या.

"तो फुकट देत नाही. बदल्यात कोनाची नेली?"

त्यांची नजर अश्विनच्या बोटावर गेली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. माझी, रविवारी, असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

"मंग त्यानं तुमाले घरचं मानलं," बाई प्रसन्न होऊन म्हणाल्या. "परक्याची वस्तू तो घेत नाही. उद्या तारीख काढूनच टाकू." आता खिळ्यांचीही गरज नाही म्हणत त्या बांधावर लिंबू कापायला गेल्या.

अश्विनच्या जिवात जीव आला. आता रुपरावांचीही भीती घालवावी म्हणून तो मातीतलं लोह समजावू लागला. भूतबीत काही नाही मामाजी, अंगठी पडली ती इथंच पडून राहिली, असं म्हणून तो हसला. रुपराव हसले नाहीत. त्यांनी बांधाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पडली नव्हती, बापू. म्या ते इतवारीत सोनाराले इकली होती. आमच्या नाटकाले बाजाची पेटी घ्याची होती. घरी सांगतलं, कोनंतरी ओढली म्हनून."

अश्विननं हळूच यंत्र बंद केलं. मग त्या दोघांनी खिळ्यांची पिशवी उघडली आणि ती रिकामी होईपर्यंत खिळे ठोकले.