जयगडसमोरचा तिसरा खडक

माणसांवाचून आपलं काही अडत नाही, असं बाबाजी मोहिते भेटेल त्याला सांगायचे. मोजणी खात्यात बत्तीस वर्षं लोकांची बांधावरची भांडणं ऐकून त्यांचे कान किटले होते. ते निवृत्त झाले, पाठोपाठ बायको शालन गेली, मुलगी आम्रपाली मुंबईला. तेव्हा त्यांनी ठरवलं, जयगडसमोरच्या समुद्रातले ओसाड खडक एकेक करून बघायचे. तिथं ना सातबारा, ना शेजारी.

तिसऱ्या खडकावर होडीवाल्या दादूनं त्यांना सकाळी दहाला होडीतून उतरवलं. मधला सुळका चढणं गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून बाबाजींनी अलीकडची बाजू तेवढी पावलांनी मोजली, वहीत उतरवली आणि वळून बघतात तर होडी नाही.

तासभर वाट बघितली. डबा खाल्ला. भाकरीचा शेवटचा तुकडा समोरच्या बगळ्याला देऊ केला, तर तोही उडून गेला.

एक वाजता फोनला कशीबशी रेंज आली. आम्रपालीनं उचलला नाही. मग शेजारच्या यमुनाबाईंना लावला. वारा तर असा, की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना.

"यमुनाबाई, मी खडकावर अडकलोय."

"खडकीला? पुण्याला कधी गेलात, भावजी?"

"खडकी नाय, खडक. चारी बाजूंनी पाणी आहे."

"पाऊस आहे काय तिकडं? मग स्टेशनातच थांबा. मी आम्रपालीला कळवते."

आणि बॅटरी संपली.

बाबाजी नुसते बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं होतं. शालन असती तर म्हणाली असती, टोपी घाला. कोणी म्हणेना, म्हणून त्यांनीच ते मोठ्यानं म्हटलं आणि टोपी घातली. मग तिला बरंच काही सांगितलं. दोन वर्षांचं साठलेलं होतं.

चारला सुळक्याला वळसा घालून दादूची होडी आली.

"होतास कुठं?"

"पलीकडंच. इकडं लाटा लागतात, म्हणून मागं नांगर टाकून पडलो होतो. वारा पडल्यावर तुमचं बोलणं ऐकलं, म्हटलं फोन चाललाय. हाक मारायचीत की वो."

हाक मारायचं बाबाजींना सुचलंच नव्हतं. सवय राहिली नव्हती.

संध्याकाळी घरी येऊन फोन चार्जिंगला लावला, तोच वाजला.

"बाबा, खडकी स्टेशनवर उभी आहे मी," आम्रपाली म्हणाली. "सगळे फलाट पालथे घातले. कुठं आहात?"

दोन वर्षांत गावी यायला तिला रजा मिळाली नव्हती. खडकीला मात्र ती अर्ध्या दिवसात पोचली होती.

"घरी," बाबाजी म्हणाले.



"मग आता मी काय करू?"

"आज पुण्यात मैत्रिणीकडं राहा. सकाळच्या गाडीनं मी येतो."

"आता कशाला?"

"खडकी बघायची राहिलीय," बाबाजी म्हणाले आणि पिशवी शोधायला लागले.